कण्याच्या ऑपरेशनची शंभर वर्षं

मागच्या जूनमध्ये आमच्या बचत गटाला शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालं. मापं घेताना एका ताईंच्या लक्षात आलं, की एका तेरा वर्षांच्या मुलीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर आहे आणि कमरेची एक बाजू आत गेली आहे. दोनदा टेप लावला, तरी तेच. मुलीची आई गटातलीच. ती म्हणाली, "रोज ओरडते हो मी, सरळ बस म्हणून." एक्स-रे काढला तर कणा 52 अंशांनी वळलेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं आणि आजींनी घरात जाहीर केलं, "पाठीला सुरी लागली की पोर जन्माची अधू."

बी.ए.ला माझा इतिहास होता. आजींची भीती कुठून आली असेल ते शोधायला मी वाचायला घेतलं. तेच आज सांगते.

या दुखण्याला स्कोलिओसिस म्हणतात. कणा बाजूला वाकतो आणि वाकताना पिळतोही. म्हणून मुलीला ओणवं केलं की एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसतात. ओणवं करून बघण्याची ही पद्धत लंडनच्या विल्यम अ‍ॅडम्स यांची, दीडशे वर्षांहून जुनी, आणि आजही तीच वापरतात. बहुतेक मुलींमध्ये याचं कारण सापडत नाही. दप्तराने हे होत नाही, पोक काढून बसल्यानेही नाही, तेव्हा त्या आईचं ओरडणं फुकटच गेलं. उंची झपाट्याने वाढते त्या वयात बाकही वाढतो, आणि मोठा बाक मुलांपेक्षा मुलींमध्येच कितीतरी जास्त दिसतो.

प्राचीन ग्रीसमध्ये रोग्याला शिडीला बांधून शिडी आपटत. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये लोखंडी चोळ्या घालत. 1839 च्या सुमारास पॅरिसच्या ज्यूल गेरँ यांनी कण्याजवळचे स्नायूच कापायला सुरुवात केली आणि गुण येतो असं सांगितलं. माल्गेन नावाच्या दुसऱ्या शल्यवैद्याने त्याच रोग्यांना पुन्हा तपासलं. गुण काहीच नव्हता. गेरँ बदनामीचा दावा घेऊन कोर्टात गेले आणि हरले. हा प्रसंग मला फार आवडला. आपल्या गटाचा हिशेबही दुसऱ्याने तपासलेलाच बरा असतो.

खरी सुरुवात न्यूयॉर्कच्या डॉ. रसेल हिब्ज यांची. त्यांनी 1911 मध्ये क्षयाने खचलेले मणके एकमेकांना जोडले. हाडाचे तुकडे उचलून मणक्यांवर असे पसरायचे, की मणके मिळून एकच हाड होईल. 1914 मध्ये त्यांनी हीच रीत वाकड्या कण्याला लावली. पण हाड जुळायला महिने लागत आणि तोवर मुलीला गळ्यापासून कमरेपर्यंत प्लॅस्टरमध्ये पडून राहावं लागे. 1941 मध्ये अमेरिकेतल्या अस्थितज्ज्ञांनी 425 रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा मणके जोडलेल्यांपैकीही बऱ्याच जणांचा बाक परत आलेला दिसला.

मग पोलिओची साथ आली. ह्यूस्टनच्या डॉ. पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे अशी मुलं आली, की ज्यांचा श्वासच दुबळा, त्यांना प्लॅस्टर सोसवेना. म्हणून त्यांनी पोलादी सळई आणि आकडे बनवले. जीप उचलायचा जॅक जसा दात्या-दात्याने चढतो, तशी ती सळई कण्याला ताणून सरळ करायची. आधी त्यांनी नुसतीच सळई बसवली. मुलं हिंडू लागली तशा सळया मोडल्या, आकडे सुटले. हाड जुळेपर्यंतच सळई धरून ठेवते, पुढचा भार हाडानेच घ्यायचा असतो, हे तेव्हा कळलं. सळई आणि मणकेजोडणी एकत्र केल्यावर जम बसला. 1962 मध्ये त्यांनी 129 रुग्णांचा अनुभव छापला आणि ही सळई जगभर गेली. तिचाही दोष निघाला. कमरेचा नैसर्गिक खळगा सपाट होई आणि काही बायकांना पुढे चाळिशी-पन्नाशीत उभं राहणं अवघड जाई.

आता आजींची भीती. कणा ताणताना मज्जारज्जूला इजा झाली तर पाय जातात, हा धोका खराच होता. झोपलेल्या मुलीचे पाय गेले की राहिले, हे कळणार कसं? 1973 मध्ये फ्रान्सच्या स्टॅन्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा मार्ग सांगितला. सळई बसवल्यावर भूल हलकी करायची, मुलीला अर्धवट जागं करून म्हणायचं, पाय हलव. हलले तर पुढे जायचं, नाहीतर ताण लगेच सैल करायचा. मी हे आजींना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, "आपल्या पोरीलाही उठवणार का?" आता बहुधा तशी गरज पडत नाही. विजेचे बारीक संदेश पाठवून मज्जारज्जूवर ऑपरेशनभर लक्ष ठेवतात. या वयातल्या अशा बाकात मज्जातंतूंना इजा होण्याचं प्रमाण आज साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी आहे. शून्य नाही, हेही मी त्यांना सांगितलं.

मेक्सिकोच्या डॉ. एदुआर्दो लुके यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. तिथल्या उकाड्यात प्लॅस्टर कोण सोसणार? त्यांनी मणक्यामणक्याला तार गुंडाळून सळया बांधल्या. प्लॅस्टर गेलं, पण तार मज्जारज्जूच्या अगदी जवळून न्यावी लागे. 1980 च्या दशकात कोत्रेल आणि द्युबुसे या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सळयांनी कण्याचा पीळही सोडवायला घेतला. पुढे आकड्यांच्या जागी स्क्रू आले. आज मुलगी एक-दोन दिवसांत उभी राहते. मणके न जोडता दोरीने वाढीला वळण देण्याची पद्धतही निघाली आहे. अमेरिकेत तिला 2019 मध्ये मान्यता मिळाली, पण ती वाढ शिल्लक असलेल्या मोजक्याच मुलांसाठी.

ऑपरेशन प्रत्येकीला लागत नाही. वाढत्या वयात साधारण 25 ते 40 अंशांपर्यंत पट्टा, म्हणजे ब्रेस, लावतात. 45-50 च्या पुढे ऑपरेशनचा विचार होतो. म्हणून दहाव्या-अकराव्या वर्षी मुलीला एकदा ओणवं करून बघा. खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना आधीच विचारा.

आमच्या मुलीला दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे. तिचा नवा गणवेश अजून शिवलेला नाही. कणा सरळ झाला की उंची थोडी वाढेल असं डॉक्टर म्हणाले. आजी म्हणाल्या, "मग माप नंतरच घ्या."