शमीपूजनाची मोटार

जुन्या वस्तूची दुरुस्ती किती जपून करावी लागते, हे आम्हां लालबागकरांस कुंडी भंडाऱ्याने शिकविले आहे. १६१५ च्या सुमाराच्या या भुयारी जलमार्गात चुन्याचे थर साचतात. ते काढणारा हात हळुवारच असावा लागतो.

कोल्हापूरच्या दसऱ्यास छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार पाहून आम्हांस हेच स्मरले. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीतील (१९२२-१९४०) ही जर्मन गाडी शमीपूजनाच्या सोहळ्यास आजही येते. त्या काळी मेबॅकचा कारखाना यंत्र व सांगाडा करी. वरचा साज बहुधा श्पोन यांच्यासारखे कारागीर हाताने चढवीत. अशा गाडीचा पत्रा चेपला, तर तयार भाग बाजारात मिळत नाही. आतून लोखंडी ठोकळा धरून, बाहेरून हलके ठोके देत तो मूळ वळणावर आणावा लागतो. ठोके अधिक पडले की पत्रा ताणून फुगतो. मग तापवून आकसवणे आले. खर्च होतो तो पत्र्याचा नव्हे, दिवसांचा.

देवाच्या रथाचे चाक बदलताना आपण सुताराशी घासाघीस करीत नाही. येथेही तोच न्याय असावा. हे हात एकदा नाहीसे झाले, तर पदरी पैसा असूनही गाडी उभीच राहील.