कॅसेट ते ब्राउझर: एका खेळयंत्राचा दुसरा जन्म

नव्वदच्या दशकात सातारा-सांगलीकडच्या घरांत उन्हाळी सुट्टीत टीव्हीला जोडला जाणारा ‘व्हिडिओ गेम’ बहुधा निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राची नक्कल असे. त्यात घालायच्या कार्ट्रिजला सारे ‘कॅसेट’च म्हणत. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असा दावा छापलेला असे; प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा भेटत. फसवणूक उघड होती, तरी आनंद कमी झाला नाही.

ही यंत्रे टिकली नाहीत. बरीचशी भंगारात गेली. कृष्णाकाठच्या २००५ आणि २०१९ च्या महापुरांत तर घरेच्या घरे पाण्याखाली गेली; तेथे माळ्यावरच्या जुन्या खेळण्यांचा हिशेब कोण ठेवणार? यंत्र नष्ट झाल्यावरही खेळ उरावा, यासाठी त्या यंत्राचे वर्तन संगणकात हुबेहूब उभारावे लागते. यालाच एम्युलेशन म्हणतात.

मूळ यंत्र तसे किरकोळच. प्रोसेसरची गती सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ, मुख्य मेमरी अवघी २ किलोबाइट. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ ४० किलोबाइटांत मावला आहे. अवघड आहे तो ताल. मूळ जपानी यंत्रात प्रोसेसरच्या एका आवर्तनात चित्र काढणारी चिप तीन ठिपके पुढे सरकते, आणि सेकंदाला सुमारे साठ चित्रे पुरी व्हावी लागतात. हा मेळ बिघडला की पडद्यावरचे चित्रही बिघडते.

२००९ च्या सुमारास बेन फर्शमन यांनी ‘जेएसनेस’ हा एम्युलेटर जावास्क्रिप्टमध्ये आणला, तेव्हा बहुतेक ब्राउझरांना हा ताल पेलवत नव्हता. पुढे अलोन झकाय यांच्या ‘एमस्क्रिप्टेन’मुळे सी भाषेतील जुने एम्युलेटर थेट ब्राउझरसाठी रूपांतरित करता येऊ लागले. डिसेंबर २०१३ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने अटारी, कोलेकोव्हिजन आदी यंत्रांचे शेकडो खेळ असे खुले केले; आरंभी ते मुके होते, आवाज मागाहून आला. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी वेबअसेंब्ली स्वीकारली आणि वेगाची अडचण बव्हंशी सरली. त्याच सुमारास, सप्टेंबर २०१६ नंतर, जिओमुळे स्वस्त डेटा तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला होता.

तरीही ती ‘९९९९ खेळ’वाली कॅसेट अनेकदा ब्राउझरमध्ये उघडत नाही. मोठ्या कॅसेटमध्ये मेमरीचे भाग आलटूनपालटून प्रोसेसरसमोर आणणारे सर्किट असते. त्याला मॅपर म्हणतात. नकली कॅसेटांचे मॅपर नाना तऱ्हांचे. कराडच्या किंवा मिरजेच्या एखाद्या घरात अशी कॅसेट उरली असेल, तर कोणीतरी ती वाचून तिच्या मॅपरची उकल करीपर्यंत तिची नक्कल कोणत्याही ब्राउझरला करता येणार नाही.