माउसशिवाय शहर

आम्हा भंडाऱ्याच्या पोरांना वाटायचं, शहर बांधायच्या गेमला माउस हवाच. विल राइटचा ‘सिमसिटी’ १९८९ मध्ये कॉम्प्युटरवर आला, तोही माउसच्या भरवशावर.

१९९१ मध्ये निन्टेंडोने तो आपल्या कन्सोलवर आणला. हातात चार दिशांची फुली आणि मोजकी बटणं. मोठ्या स्क्रीनवरचं ॲप मोबाइलवर आणताना आम्ही सॉफ्टवेअरवाले आधी कात्री काढतो. निन्टेंडोने उलट भर घातली: सल्ला द्यायला हिरव्या केसांचे डॉक्टर राइट, लोकसंख्या वाढली की बक्षीस इमारती, पाच लाखांवर चक्क मारिओचा पुतळा! मला तरी मूळ गेमपेक्षा हीच आवृत्ती जास्त माणसाळलेली वाटते.

पुढेही हे काम सोपं झालं नाही. ‘सिटीज: स्कायलाइन्स’ पीसीवर २०१५ मध्ये आला, एक्सबॉक्सवर यायला २०१७ उजाडलं. कंट्रोलरसाठी त्याचे मेनू ऑस्ट्रेलियातल्या टँटलसने नव्याने मांडले.