आस्मानगढ : मलकपेठच्या टेकडीवरची विलायती गढी

आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला गढी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गावाच्या उंचवट्यावर पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, एकच मोठा दरवाजा, आत चौक. गढी बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून बसते. हैदराबादेत मलकपेठच्या टेकडीवर आस्मानगढ आहे. त्याच्या नावात गढ आहे, बुरूज आहेत, चर्या आहेत, पण स्वभाव बरोबर उलटा.

ही वास्तू १८८५ सालची. बांधणारे नवाब सर आस्मानजाह, पायगा घराण्यातले. 'पायगा' हा शब्द ऐकून बिचकू नका, आपली घोड्यांची 'पागा' ती हीच. निजामाच्या खास घोडदळाचा खर्च भागवण्यासाठी या घराण्याला जहागिरी मिळाल्या आणि हुद्द्याचं नाव घराण्याला चिकटलं. दरबारात निजामाखालोखाल मान यांचा. निजामाच्या घरातल्या मुली यांच्याकडे दिल्या जात. खुद्द आस्मानजाह पाचव्या निजामाचे जावई. १८८७ मध्ये ते संस्थानचे दिवाण झाले.

आस्मानगढचा आराखडा त्यांनी स्वतःच केला असं सांगितलं जातं. धाटणी गॉथिक, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन किल्ल्याची नक्कल. ग्रॅनाइटचे बुरूज, कमानदार खिडक्या. मी पेशाने इंजिनिअर, त्यामुळे कुठलाही बुरूज दिसला की आधी विचारतो, हा काम काय करतो? आपल्या किल्ल्यांवर चर्येमागे माणूस दडतो, जंगीतून बंदूक रोखतो, फांजीवरून पहारा फिरतो. आस्मानगढच्या बुरुजाला असलं काही काम नाही. त्या रुंद खिडक्याच सांगतात की इथे वेढ्याची भीती कोणालाच नव्हती. हवा खायची, शिकारीहून येऊन टेकायचं, खालचा मुलुख बघायचा. थोडक्यात, किल्ल्याचा पोशाख घातलेला बंगला.

यात हसण्यासारखं काही नाही. फ्रान्समधल्या उमरावांनी हेच आधी केलं होतं. तिथे गावाकडच्या सरदारी वाड्याला 'शातो' म्हणतात. मुळात तो लढाऊ किल्ला. तोफा आल्यावर त्याच्या भिंतींचा उपयोग संपला, पण बुरूज मात्र कोणी सोडले नाहीत. लुआर नदीच्या परिसरातला शांबोर शातो १५१९ मध्ये सुरू झाला तो शिकारीच्या मुक्कामासाठी, आणि त्यालाही चार जाडे बुरूज आहेतच! बुरूज म्हणजे खानदानाची पाटी. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपभर जुन्या किल्ल्यांची हौस परत उसळली, आणि ती लाट मलकपेठपर्यंत पोचली. गंमत अशी की आस्मानजाह व्हिक्टोरिया राणीच्या जुबिलीसाठी लंडनला गेले ते १८८७ मध्ये, म्हणजे गढी उभी राहिल्यानंतर.

पायग्यांमध्ये चुरसही असावी असं मला वाटतं. चुलतभाऊ विकारुल-उमरा यांनी १८८४ मध्ये शहराच्या दक्षिणेच्या टेकडीवर फलकनुमा सुरू केला. फलक म्हणजेही आकाशच. दोन भाऊ, दोन टेकड्या आणि दोघांच्या नावात आभाळ.

पण मला इथे खरी ओढ आहे ती शेजारच्या थडग्याची. गढीजवळच मिशेल जोआकिम मारी रेमाँ या फ्रेंच सेनानीची समाधी आहे. सुमारे २३ फूट उंच दगडी सुळका, त्यावर जे आणि आर ही अक्षरं. दोन्ही वास्तू फ्रेंच वळणाच्या वाटतात म्हणून त्यांचा संबंध जोडू नका. रेमाँ वारला २५ मार्च १७९८ ला, गढीच्या ८७ वर्षं आधी.

या रेमाँचं आणि आपलं नातं खर्ड्याचं. मार्च १७९५ मध्ये जामखेडजवळच्या खर्ड्याला निजामाच्या बाजूने लढणाऱ्या कवायती पलटणी याच्या. समोर पेशव्यांची फौज, आणि तिच्यातल्या शिंद्यांच्या कवायती पलटणींवर कोण? पेराँ, हाही फ्रेंच. रेमाँच्या पलटणी टिकून होत्या, पण निजाम अली मागे हटून खर्ड्याच्या किल्ल्यात गेला आणि लढाई हातची गेली.

पुढचं पाहा. शिंद्यांच्या या पलटणी उभ्या करणारा द ब्वान्ये १७९६ मध्ये भारत सोडून गेला आणि आपल्या शांबेरी गावाजवळ शातो घेऊन राहिला. तिथल्या चौकात त्याच्या स्मारकाला ओतीव लोखंडाचे हत्ती आहेत. पेराँनेही फ्रान्सला परतून शातो विकत घेतला, १८३४ मध्ये तिथेच वारला. उत्तर हिंदुस्थानातल्या आणि दख्खनच्या महसुलातून फ्रेंच उमरावकी विकत मिळाली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. रेमाँ मात्र परतलाच नाही. त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १७९८ मध्ये, इंग्रजांनी हैदराबादेतल्या फ्रेंच पलटणींची हत्यारं उतरवून घेतली. लोकांनी मात्र त्याला हिंदूंचा मूसाराम आणि मुसलमानांचा मूसा रहीम करून टाकलं. आज मेट्रोच्या मुसारामबाग स्टेशनच्या पाटीवर तोच आहे. किती जणांना ठाऊक आहे देव जाणे.

आता जपणुकीचं. आस्मानजाहांचा बशीरबागेतला राजवाडा पाडला गेला, वस्तीचं नाव तेवढं उरलं. आस्मानगढ मात्र उभा आहे. मध्यंतरी तिथे पुराणवस्तूंचं संग्रहालय होतं, आता शाळा आहे. आपल्यातले काही मित्र यावर नाक मुरडतात. माझं मत वेगळं. रिकाम्या वास्तूत पहिलं पाणी गच्चीतून मुरतं, मग भेगेत पिंपळ रुजतो, आणि पिंपळाने दगड हलवला की डागडुजीचा खर्च कोणालाच पेलत नाही. शाळा असली की पावसाळ्याआधी कोणीतरी गच्चीवर चढतंच. मात्र वापर म्हणजे मोकळीक नव्हे. जुन्या चुन्याच्या कामावर सिमेंटचा गिलावा चढवला तर ओल आत अडकते आणि नुकसान दुप्पट होतं. शहरातल्या वारसा वास्तूंना संरक्षण देणारा जुना नियम २०१५ मध्ये रद्द झाला, २०१७ मध्ये तेलंगणाचा नवा वारसा कायदा आला. त्या दोन वर्षांत वारसाप्रेमींच्या जिवाला काय घोर लागला होता ते इथल्या जुन्या सभासदांना आठवत असेल.

पाहायला जायचं तर मुसारामबाग स्टेशनला उतरा. आधी रेमाँच्या समाधीवर जा, तिथला चढ सोपा आहे. गढी शाळेच्या ताब्यात आहे, तेव्हा परवानगी विचारूनच आत शिरा, शक्यतो सुट्टीच्या दिवशी.