चिनी चहाची चांदीची भांडी : परंपरा किती, जाहिरात किती?

शुद्ध चांदीचा पत्रा हाताने ठोकून बनवलेल्या चिनी किटल्या विकताना 'तांग-सोंग काळाचा वारसा' हे शब्द हमखास वापरले जातात. हा दावा निम्मा खरा आहे.

तळघरात काय सापडलं?

१९८१ मध्ये चीनच्या शान्शी प्रांतातल्या फामेन मंदिराचा जुना मनोरा पावसात अर्धा कोसळला. पुढे १९८७ मध्ये पाया साफ करताना खाली बंद तळघर सापडलं. इ.स. ८७४ मध्ये ते बंद केलेलं होतं. बुद्धाच्या अवशेषांबरोबर तिथे तांग राजघराण्याने अर्पण केलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चहाची चांदीची भांडीही होती. काहींवर 'पाचवा भाऊ' अशी अक्षरं कोरलेली आहेत. हे शीत्सोंग सम्राटाचं घरगुती नाव मानलं जातं.

गंमत म्हणजे या संचात आज आपण ज्याला टीपॉट म्हणतो ते भांडंच नाही. कारण तेव्हा चहापत्ती पाण्यात मुरवत नसत. चहाच्या दाबून केलेल्या वड्या असत. वडी शेकायची, कुटायची, चाळायची आणि उकळत्या पाण्यात मीठ घालून मग ती पूड टाकायची. म्हणून संचात वड्यांसाठी जाळीदार टोपली, पूड करायला चाक फिरवायचं खलासारखं भांडं, खण असलेली चाळणी आणि मिठाचं भांडं आहे. दळायच्या भांड्यावर ८६९ साल आणि शाही कारखान्याचं नावही कोरलंय.

मग किटली कुठून आली?

सोंग काळात पुडीवर गरम पाणी ओतून ती घुसळू लागले. पाण्याची धार नेमकी पडावी म्हणून लांब तोटीची सुरई महत्त्वाची ठरली. ह्वेइत्सोंग सम्राटाने आपल्या चहावरच्या ग्रंथात ती सोन्याची किंवा चांदीची असावी असं लिहिलंय. त्याच्या कितीतरी आधी, आठव्या शतकात, लू यू याने चांदीचं भांडं स्वच्छ खरं, पण चैनीचं, असा शेरा मारला होता.

१३९१ मध्ये मिंग सम्राटाने दरबाराला वड्या पाठवण्याची प्रथा बंद केली. सुट्या पत्तीचं चलन वाढलं, पुढे यीशिंगच्या मातीच्या टीपॉटना मान मिळाला. धातू उरला मुख्यतः पाणी उकळायला आणि पत्ती साठवायच्या कथलाच्या डब्यांत.

आजच्या हस्तकलेचं एक मोठं केंद्र म्हणजे युन्नान प्रांतातलं शिनह्वा हे बाई समाजाचं गाव. पुण्याच्या तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात, तसंच हे काम. ठोकून चांदी कडक होते, म्हणून ती पुन्हापुन्हा तापवून मऊ करावी लागते. तोटीसकट अख्खी किटली एकाच पत्र्यातून काढणं सर्वांत अवघड, त्यामुळे ती महाग. तोटी डाखाने जोडलेली असेल तर सांधा आतून पाहून घ्यावा.

'चांदीमुळे पाणी निर्जंतुक होतं' हा दावा मात्र पोकळ आहे. पाणी उकळलं की जंतू तसेही मरतात. चांदी उष्णता सर्व धातूंत जास्त वाहून नेते, त्यामुळे मूठही तापते. म्हणून मुठीला वेत गुंडाळतात. जुन्या कथलाच्या डब्यांत शिसं असू शकतं, ते शोभेलाच ठेवलेले बरे.