उचलली जीभ, लावली टाळ्याला : गिळण्याच्या ताकदीचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय.

आज सुरुवात एका म्हणीपासून. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला.’ विचार न करता बोलणाऱ्याला आपण हे ऐकवतो. सूर असा, की जीभ टाळ्याला लावायला काय लागतं, कुणीही लावेल! गंमत म्हणजे गेली तीसेक वर्षं संशोधक लोकांना नेमकं हेच करायला सांगतायत. जीभ उचला, टाळ्याला लावा आणि जमेल तितक्या जोरात दाबा. कारण घास घशाकडे ढकलण्याचं काम जिभेचं असतं, आणि तिचा जोर आयुष्यभर सारखा राहत नाही.

मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. मला ओढून नेलं ते या विषयातल्या मोजमापाच्या इतिहासाने. एखादी गोष्ट मोजता येईपर्यंत ती कमी होतेय हेसुद्धा कळत नाही, याचं इतकं साधं उदाहरण मी दुसरं पाहिलं नाही.

आधी थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये फ्रांस्वा माजांदी या शरीरशास्त्रज्ञाने गिळण्याचे तीन टप्पे पाडले: तोंड, घसा आणि अन्ननलिका. ही विभागणी आजही शिकवतात. मग १८८० च्या दशकात बर्लिनला ह्यूगो क्रोनेकर आणि त्याचा विद्यार्थी सॅम्युएल मेल्टझर यांनी टोकाला फुगा लावलेली नळी अन्ननलिकेत सोडून दाब मोजला. नळी गिळणारा माणूस कोण? स्वतः मेल्टझर! त्यांचं म्हणणं असं, की पाण्याचा घोट तोंडातल्या स्नायूंच्या जोरावर पिचकारीसारखा खाली जातो. म्हणजे जोर कुठून येतो हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता.

पण लगेच एक्स-रे आले आणि सगळ्यांचं लक्ष चित्राकडे गेलं. डिसेंबर १८९६ मध्ये, एक्स-रेचा शोध लागून जेमतेम वर्ष झालं असताना, हार्वर्डमधल्या वॉल्टर कॅनन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने प्राण्यांना एक्स-रेखाली गिळताना पाहिलं. त्यात एक हंसही होता. त्याच्या लांब मानेतून घास खाली सरकताना नीट दिसायचा. पुढे बेरियम मिसळलेलं खाणं गिळायला देऊन एक्स-रेवर त्याची हालचाल बघायची पद्धत रुळली. अमेरिकेत जेरी लोगेमन यांनी गिळण्याच्या तक्रारींसाठी तिला शिस्त लावली. १९८३ चं त्यांचं पुस्तक या क्षेत्रात पायाभूत मानतात.

एक्स-रेत घासाचा रस्ता दिसतो, वेळ मोजता येते. जीभ किती जोर लावतेय ते मात्र त्यात दिसत नाही. ती अडचण सोडवली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात तयार झालेल्या एका छोट्या यंत्राने. हवा भरलेला द्राक्षाएवढा मऊ फुगा जीभ आणि टाळ्याच्या मध्ये धरायचा, दाबायचं, आणि आकडा वाचायचा. एकक किलोपास्कल. झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आता खरी गोष्ट सुरू होते. १९९५ मध्ये विस्कॉन्सिनच्या जोॲन रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण आणि वृद्ध अशा निरोगी लोकांच्या जिभेचा दाब तपासला. पूर्ण जोर लावून दाबताना वृद्ध मागे पडले. पण साधं गिळताना? दोघांचा दाब जवळपास सारखाच.

हे वाचून मी थांबलोच. कारण हा आमचा रोजचा विषय. सर्व्हरची कपॅसिटी हळूहळू कमी होत असते आणि लोड तेवढाच राहतो. वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही, कारण मधली शिल्लक खर्ची पडत असते. मग एखाद्या दिवशी लोड वाढतो किंवा एखादा भाग बिघडतो, आणि सगळं एकदम बसतं. जिभेचंही तसंच. रोजचं जेवण चालू असतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. मग मोठा ताप येतो, ऑपरेशन होतं, अर्धांगवायूचा झटका येतो, आणि लागणारा जास्तीचा जोर शिल्लकच नसतो. घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊ लागतं, आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.

मग बायका आणि पुरुष यांच्यात फरक आहे का? इथे इतिहास आणखी बोलका आहे. लोगेमन यांच्या गटाने २००० मध्ये एक्स-रेवर विशीतल्या ८ आणि ऐंशीपुढच्या ८ निरोगी पुरुषांचं गिळणं तपासलं. जिभेच्या मुळाशी एक छोटं हाड असतं, ते गिळताना वर उचललं जातं. वृद्ध पुरुषांत ते कमी उचललं जात होतं, म्हणजे हालचालीतली शिल्लक आटलेली. ‘म्हातारपणी असं होतं’ असं म्हणून विषय इथेच मिटला असता. पण २००२ मध्ये त्यांनी तेवढ्याच स्त्रियांवर तोच अभ्यास केला, आणि वृद्ध स्त्रियांत ही शिल्लक बरीच टिकलेली दिसली. माणसं मोजकी होती हे खरं. पण फक्त पुरुष बघून माणसाबद्दल बोललं की काय सुटतं, ते यात दिसतं.

मोठे आकडे आले जपानमधून. २००८ मध्ये हिरोशिमाच्या संशोधकांनी २० ते ७९ वयाच्या ८५३ लोकांच्या जिभेचा जोर मोजला: ४०८ पुरुष, ४४५ स्त्रिया. विशीत सरासरी ४१.७ किलोपास्कल. पन्नाशीपर्यंत फारसा बदल नाही, ४०.७. साठीत ३७.६ आणि सत्तरीत ३१.९. ब्लड प्रेशरच्या भाषेत सांगायचं तर विशीतली जीभ ३०० च्या वर दाब देते, सत्तरीतली साधारण २४०. जवळपास चौथा हिस्सा गेला. तरुणपणी पुरुषांचा जोर स्त्रियांपेक्षा जास्त होता. उतारवयात तो फरक राहिला नाही. म्हणजे पुरुष वरून सुरू करतात आणि जास्त घसरतात. अर्थात ही वेगवेगळ्या वयाची वेगवेगळी माणसं आहेत, एकाच माणसाचा प्रवास नव्हे. ते लक्षात ठेवूनच आकडे वाचायचे.

मोजता आलं म्हणून पुढचा प्रश्न विचारता आला: गेलेला जोर परत येतो का? २००५ मध्ये रॉबिन्स यांनी ७० ते ८९ वयाच्या १० निरोगी लोकांकडून आठ आठवडे जिभेचा व्यायाम करून घेतला. व्यायाम म्हणजे तोच फुगा दाबायचा. दहाही जणांचा जोर वाढला, गिळतानाचा दाबही वाढला. अभ्यास छोटा होता, पण ऐंशीतला स्नायूही शिकतो हे त्यात दिसलं. जपानने तर २०१८ मध्ये तोंडाची कार्यक्षमता कमी होणं हे निदान सरकारी आरोग्य विम्यात घेतलं. त्याच्या सात निकषांपैकी एक म्हणजे जिभेचा दाब ३० च्या खाली असणं. आता सत्तरीतली सरासरी पुन्हा बघा: ३१.९. अगदी रेषेला लागून!

आपल्याकडे काय होतं? आजी जेवताना ठसकते. कुणीतरी पाणी देतं, कुणी पाठीवर थाप मारतं, कुणी म्हणतं, ‘कुणीतरी आठवण काढली वाटतं.’ मग भाकरी चहात बुडवून खायला लागते, पुढे भाकरी बंदच होते, आणि आपण म्हणतो, ‘वय झालं.’ आमच्याही घरी हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. यातलं ‘वय’ खरं आहे. पण वयाबरोबर नेमकं काय कमी होतं ते आता मोजता येतं, आणि त्यावर काम करणारी माणसं आपल्याकडेही आहेत. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलण्यासाठी नसतात, गिळण्यासाठीही असतात, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. वारंवार ठसका लागणं, जेवल्यावर आवाज ओलसर होणं, जेवायला नको तितका वेळ लागणं किंवा वजन उतरणं, असं काही दिसलं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. व्यायाम मात्र त्यांना विचारूनच.

पुढच्या वेळी घरात कुणी ‘उचलली जीभ’ म्हणालं, की एकदा खरंच दाबून बघा. किती स्नायू कामाला लागतात ते कळेल.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात ठसक्याला काय म्हणतात, काय उपाय करतात, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.