आपलेच रक्त आपल्याला : बायपास आणि ‘बॉम्बे’ रक्तगट

१/७
मुंबई–नाशिक महामार्गावरील पडघ्याच्या एखाद्या रुग्णाची मुंबईत बायपास शस्त्रक्रिया ठरली आणि त्याचा रक्तगट ‘बॉम्बे’ निघाला, तर त्याला ‘ओ’ गटाचे रक्तही चालणार नाही. अशा वेळी सर्वांत भरवशाचा रक्तदाता कोण? तो स्वतःच! या उत्तराला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

२/७
रक्तगट अजून अज्ञात होते. एडिंबरा येथील शल्यविशारद जॉन डंकन यांनी अवयवच्छेदनाच्या वेळी वाहिलेले रक्त गोळा केले, ते गोठू नये म्हणून त्यात सोडियम फॉस्फेट मिसळले आणि त्याच रुग्णाच्या शरीरात परत सोडले. हा अनुभव त्यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केला.

३/७
१९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले. पुढे रक्तपेढ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्याचे रक्त सहज मिळू लागले, तशी डंकन यांची युक्ती मागे पडली.

४/७
१९५२ मध्ये मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका अपूर्व रक्तगटाची नोंद केली. या रक्तात ‘एच’ प्रतिजनच नसते, उलट त्याविरुद्धची प्रतिपिंडे असतात. ‘ओ’ रक्तात ‘एच’ भरपूर असल्याने ‘सर्वांना चालणारे’ तेच रक्त येथे घातक ठरते.

५/७
१९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी क्लीव्हलंड येथे पायातील शीर वापरून बायपास रूढ केली. छाती उघडायची म्हणजे रक्तस्राव आलाच. शस्त्रक्रियेनंतरही छातीतील नळ्यांतून रक्त झिरपत राहते. सत्तरच्या दशकात शल्यविशारदांनी हे रक्त टाकून न देता परत देण्यास आरंभ केला. ऐंशीच्या दशकात एड्सच्या भीतीने या पद्धतीला अधिकच बळ मिळाले.

६/७
यंत्र हे रक्त गाळते, वेगाने फिरवून तांबड्या पेशी वेगळ्या करते, सलाइनने धुते. गुठळ्या, चरबी, फुटलेल्या पेशींचे अवशेष निघून जातात. मात्र रक्त गोठवणारे घटक व बिंबिकाही जातात. त्यामुळे रक्तस्राव फार झाल्यास ही पद्धत एकटी पुरत नाही.

७/७
म्हणूनच ‘बॉम्बे’ गटाच्या रुग्णाचे रक्त शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी, प्रकृती झेपत असल्यास, काढून साठवता येते आणि त्याच गटाचे दाते शोधून ठेवावे लागतात. रक्तपेढ्यांमुळे मागे पडलेली डंकन यांची युक्ती पुन्हा आली ती, जिथे रक्तपेढीही हतबल होते, तिथे.